बेसिनचा नळ गळतोय: वायसर बदलावा की डिस्कचा स्पिंडल बसवावा?

आमच्या बेसिनचा नळ वर्षभरात तिसऱ्यांदा गळायला लागला, तेव्हा रात्री दहाला त्याच्याखाली तांब्या ठेवून झोपलो. सकाळी सहाला पाहिलं तर तांब्या काठोकाठ भरून पाणी बाहेर सांडत होतं. आमच्या सोसायटीत उन्हाळाभर टँकर येतो, त्यामुळे ते बघून जीव तुटला. नळ पितळी, जुना, चार-पाच वेढे देऊन बंद करायचा. त्यात पुन्हा एकदा वायसर (पाणी अडवणारी रबरी चकती) घालायचा, की त्याच नळात सिरॅमिक डिस्कचा, पाव वेढ्यात उघडणारा स्पिंडल (मुठीखालचा, फिरवून नळ उघड-बंद करणारा आतला भाग) बसवायचा, हा प्रश्न होता. दोन्ही करून झालंय, म्हणून लिहितो आहे.

आख्खा नवा नळ घ्यायचा विचार मी लवकरच सोडला. नळाला चीर गेली असेल किंवा आतले आटेच झिजले असतील तर इलाज नाही, नवा घ्यावा. पण जुन्या नळाचं पितळ हातात घेतलं की वजन कळतं. खराब होतो तो आतला एक भाग, त्यासाठी धडधाकट नळ भंगारात घालणं मला पटलं नाही.

पाणी नळाच्या तोंडातून ठिबकत असेल, तरच वायसर की डिस्क हा प्रश्न येतो. मुठीखालून पाझरत असेल तर ग्लँडचा नट, म्हणजे स्पिंडलच्या दांड्याभोवतीचा छोटा नट, थोडा आवळून बघा, नाहीतर तिथलं पॅकिंग बदला. बेसिनच्या खाली ओल दिसत असेल तर बहुतेक वेळा जोडनळीच्या टोकाचा वायसर गेलेला असतो. वरचा नळ उगीच उघडू नका.

वायसरच्या बाजूने बोलायचं तर बरंच बोलता येईल. पाच-दहा रुपयांची वस्तू, कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते. खालचा अँगल कॉक (बेसिनखाली भिंतीत असतो तो, नळाचं पाणी तोडायचा छोटा कॉक) बंद करायचा, मूठ काढायची, नटाला फडकं गुंडाळून स्क्रू पान्ह्याने स्पिंडल सोडवायचा, जुना वायसर काढून नवा घालायचा. नट सोडवताना आणि पुन्हा आवळताना स्पिंडल थोडा उघडा ठेवायचा, नाहीतर नवा वायसर तिथेच चेंगरतो. बेसिनच्या भोकात चिंधी कोंबायची म्हणजे स्क्रू आत जात नाही. अर्ध्या तासाचं काम आहे.

तिसऱ्या वेळी काढलेला वायसर मी उजेडात धरून नीट पाहिला. मध्यभागी अंगठी दाबल्यासारखी गोल खाच पडली होती आणि एका बाजूला ती खाच आरपार गेली होती. बोट फिरवलं तर काळं लागलं. मग नळाच्या आत टॉर्च मारला. ज्या पितळी कडेवर वायसर बसतो, ती सीट एका जागी खरवडलेली होती. अशा सीटवर कितीही नवे वायसर घाला, ते तिथेच कापले जाणार. प्लंबर सीट कटर घेऊन आला, दोन-चार वेढे फिरवून त्याने कड सपाट करून दिली, आणि ठिबकणं थांबलं. नवा वायसर घालूनही नळ आठ-पंधरा दिवसांत गळायला लागत असेल, तर आधी सीट बघा.

सीट नीट झाल्यावर खरं तर मी तिथेच थांबलो असतो. पण एक गोष्ट राहिलीच होती, आणि माझ्यासाठी निकाल तिनेच लावला.

माझी आई सत्तरीच्या पुढे आहे, तिच्या बोटांचे सांधे सुजतात. वायसरचा नळ पूर्ण बंद व्हायला शेवटी जो एक पीळ द्यावा लागतो, तो तिला देता येत नाही. ती दोन्ही हातांनी नळ धरायची, जमेल तेवढा फिरवायची, आणि थेंब चालूच राहायचे. मग आमच्यापैकी कोणीतरी जाऊन तो गच्च आवळायचं. सकाळी ती तोंड धुवायला गेली की तोच नळ तिला उघडायचा नाही. गच्च आवळल्याने वायसर लवकर कापला जायचा तो वेगळाच. रात्री दोन-तीनला उठली की बेसिनपाशी उभी राहून हळू आवाजात म्हणायची, "अरे, एवढा नळ आवळतोस का रे?" झोपलेल्या माणसाला उठवावं लागतं याचं तिला फार वाटायचं. स्वतःच्या घरात हात धुण्यासाठी आईने कोणाची वाट बघावी, हे मला सहन होईना. नळ दुरुस्त होता, तरी ती अडचण जशीच्या तशी होती.

डिस्कच्या स्पिंडलमध्ये हा पीळच नाही. आत दोन सिरॅमिकच्या चकत्या एकमेकींवर घासून बसवलेल्या असतात, दोन्हींना भोकं असतात. भोकं समोरासमोर आली की पाणी येतं, सरकली की बंद. स्पिंडलच्या बुडाला रबराची रिंग असते, ती सीटवर एकदा दाबून बसते आणि तशीच राहते. वायसरसारखी रोज दहा वेळा चिरडली जात नाही. त्यामुळे जोर लावून काही मिळतच नाही, मूठ अडली की नळ बंद झालेला असतो. आई आता मनगटाने मूठ ढकलते.

तो बसवताना मला दोन फेऱ्या पडल्या, त्या तुमच्या वाचाव्यात म्हणून सांगतो. पहिल्यांदा मी नुसतं "अर्धा इंची डिस्क स्पिंडल द्या" म्हणून घेऊन आलो. आटे जुळले, पण वरचे दाते जुन्या मुठीत बसेनात आणि उघडायची दिशाही उलटी निघाली. दुसऱ्यांदा जुना स्पिंडल आणि मूठ दोन्ही खिशात घालून गेलो, दुकानदाराने लांबी लावून पाहिली आणि मुठीसकट जोड दिला. 220 रुपये पडले. तुमचा नळ लिव्हरचा असेल तर दिशा खास बघून घ्या, कारण डाव्या-उजव्या फिरतीचे स्पिंडल वेगवेगळे येतात.

बसवण्याआधी एक काम टाळू नका. स्पिंडल काढलेल्या नळावर फडकं धरून अँगल कॉक क्षणभर उघडा, म्हणजे नळीतली वाळू आणि क्षाराचे कण बाहेर पडतील. डिस्कचा शत्रू हा कचरा. चकत्यांमध्ये वाळूचा एक कण अडकला तरी ओरखडा उठतो आणि मग थेंब थांबत नाहीत. आमचा अँगल कॉक वर्षानुवर्षं न फिरवल्याने जाम झाला होता, त्यामुळे गच्चीवरचा वॉल्व्ह बंद करून काम करावं लागलं. तुमचा फिरतो का, हे पान्हा हातात घेण्याआधी बघून ठेवा.

डिस्क बसवून आता अडीच वर्षं झाली. मधे एकदाच ठिबकलं, सोसायटीची टाकी धुतल्याच्या दुसऱ्या दिवशी. स्पिंडल काढला तर बुडाच्या रिंगेखाली वाळू होती आणि कडेला पांढरा क्षार. तासभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवला, जुन्या टूथब्रशने धुतला, परत बसवला. बाथरूम धुवायचं ॲसिड मात्र त्यासाठी वापरू नये, नळाची चकाकी जाते. अशा वेळी पुष्कळदा नुसती रिंग चपटी झालेली असते. ती सुटी मिळाली तर आख्खा स्पिंडल बदलायची गरज पडत नाही.

डिस्कच्या विरोधातही सांगायला हवं. चकत्यांमधली भोकं लहान असतात, त्यामुळे गच्चीवरच्या टाकीच्या लगेच खालच्या मजल्यावर, जिथे मुळातच दाब कमी असतो, तिथे धार बारीक वाटू शकते. प्रेशर पंप असेल तर उलट त्रास, नळ झटक्यात बंद केला की पाइपात धक्क्याचा आवाज येतो. आणि रात्री-अपरात्री बिघडला तर डब्यातला कुठला तरी वायसर कापून वेळ मारून नेता येत नाही, नेमका तसाच भाग लागतो.

म्हणून मी सरसकट सगळ्यांना डिस्क घ्या म्हणणार नाही. घरात सगळ्यांच्या हातात ताकद आहे, सीट चांगली आहे आणि नळ दोन-तीन वर्षांतून एकदाच गळतो, तर वायसर बदलून मोकळं व्हा, त्यात काही कमी नाही. पण घरात म्हातारं माणूस असेल, लहान मूल असेल, किंवा तुम्हाला स्वतःला रोज दोनदा नळ आवळायला उठावं लागत असेल, तर मी डिस्ककडे झुकेन. माझ्या घरातले बाकीचे दोन नळही मी त्यानंतर तसेच करून घेतले.

चिपळूणजवळच्या आमच्या गावच्या घरी मात्र वायसरच ठेवले आहेत. तिथे विहिरीचं पाणी पंपाने थेट येतं, पावसाळ्यात त्यात जांभ्याची तांबडी माती असते, आणि डिस्क त्यात फार दिवस टिकेल असं मला वाटत नाही. वायसरची पुडी, स्क्रू पान्हा आणि टेफ्लॉन टेप तिथल्या माजघराच्या कोनाड्यात ठेवून दिली आहे. दिवाळीत आणि मे महिन्यात गेलो की आईच्या न्हाणीतल्या नळाचा वायसर मी खराब व्हायची वाट न बघता बदलतो, म्हणजे तिला तो हलक्या हाताने बंद करता येतो.