भूकोश : वावराखालचा दगड दाखवणारा नकाशा

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे ‘भूकोश’ हे नकाशांचे संकेतस्थळ मी गेली दोन वर्षे वापरतो आहे. मी भूवैज्ञानिक नाही; चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोरा तालुक्यातील एका खेड्यात शिक्षक आहे आणि दगड जमवण्याचा नाद मला लहानपणापासूनचा आहे. त्यामुळे पुढील अभिप्राय धुऱ्यावरचा गोटा उचलून उलटसुलट करून पाहणाऱ्या हौशी माणसाच्या सोयी-गैरसोयी डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. जीवाश्मांच्या बातम्या वाचणाऱ्याला जगाच्या पाठीवर कुठे काय सापडले ते रोज कळते, पण आपल्या विहिरीच्या तळाशी कोणता खडक आहे हे त्या बातम्यांतून कधीच कळत नाही. ते भूकोशातून कळते, तेही फुकट. म्हणून आमच्या भागातील नवख्या माणसाने बातम्या बाजूला ठेवून येथून सुरुवात करावी, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

मला या नकाशाची गरज पडली ती एका विहिरीमुळे. शेजारच्या वावरात विहिरीचे खोलीकरण चालू असताना काळ्या दगडाच्या ढिगात राखाडी रंगाचे, काचेसारख्या धारदार कडांनी फुटणारे काही चपटे तुकडे निघाले. मजूर त्यांना गारगोटी म्हणत होते आणि ते फारसे चूकही नव्हते, कारण गारगोटीसारखाच हा दगडही सिलिकेचा, म्हणजे वाळूचे कण ज्याचे असतात त्या द्रव्याचा, असतो. एका तुकड्यावर अंगठ्याच्या नखाएवढा शंख होता. तुकडा ओला केला, दहा पटींचे भिंग डोळ्याला लावले आणि तो भिंगापासून जेमतेम अडीच सेंटीमीटरवर धरला, तेव्हा शंखाच्या वेटोळ्यांमधली खाच स्वच्छ दिसू लागली. टोक वर आणि तोंड आपल्याकडे करून शंख धरला की बहुतेक गोगलगायींचे तोंड उजव्या हाताला येते. याचे डाव्या हाताला आले. ही खूण फायसा या गोड्या पाण्यातील गोगलगायीकडे बोट दाखवते. नागपूरच्या महाविद्यालयाला ज्यांचे नाव आहे त्या स्टीफन हिस्लॉप यांनी रॉबर्ट हंटर यांच्यासह या प्रदेशातील खडक आणि जीवाश्मांवर १८५५ मध्येच निबंध प्रसिद्ध केला होता, तेव्हा माझ्या हातातला शंख काही नवा शोध नव्हता. पण तो येथे, या वावरात का निघाला, याचे उत्तर मला हवे होते.

आमच्याकडचा काळा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा, आणि दख्खनचा हा लाव्हा एका दमात आलेला नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी त्याचे लोट एकामागून एक पसरत गेले, पण काही लोटांच्या मध्ये बराच निवांत काळ गेला. त्या काळात थंड झालेल्या लाव्ह्यावर तळी साचली, त्यांत गोगलगायी आणि पाणवनस्पती वाढल्या आणि पुढच्या लोटाने ते सारे गाडून टाकले. काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये सापडणाऱ्या या गाळाच्या पट्ट्यांना अंतरा-ट्रॅपी थर म्हणतात. माझा शंख अशाच एखाद्या पट्टीतला असावा, असा माझा तर्क होता; पण विहीर खरोखरच दख्खनच्या काळ्या दगडात असेल, तरच तो टिकणार होता. भूकोशावर गावाच्या जागी टिचकी मारली, शेजारी एक चौकट उघडली आणि खडकाचा समूह, उपसमूह, प्रकार व काळ असे सगळे ओळीने दिसले. विहीर काळ्या दगडातच होती.

या संकेतस्थळाचे खरे बळ १:५०,००० या प्रमाणाच्या भूवैज्ञानिक नकाशात आहे. नकाशावरचा एक सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचे ५०० मीटर, त्यामुळे नदी, रस्ता आणि शिवार यांच्या आधाराने आपली जागा नेमकी शोधता येते. चंद्रपूर जिल्ह्याच्या नकाशावर पश्चिमेकडून पूर्वेकडे बोट फिरवून पाहावे. आधी लाव्ह्याचा काळा दगड लागतो. मग वर्धा नदीच्या खोऱ्यातील गोंडवनी खडक, म्हणजे लाव्ह्याच्या कितीतरी आधी साचलेले गाळाचे थर, येतात, ज्यांच्या पोटात आमच्या भागातील सगळ्या कोळसा खाणी आहेत. राजुरा-कोरपन्याकडे सिमेंटच्या कारखान्यांना पोसणारा, त्याहूनही कितीतरी जुना चुनखडक दिसतो. आणि मूल-सिंदेवाहीकडे गेले की ज्यात प्राण्यांचे जीवाश्म शोधण्यात अर्थ नाही असे अतिप्राचीन पट्टिताश्म, म्हणजे उष्णता आणि दाबाने बदललेले पट्टेदार खडक. गोंडवनी खडकांच्या चौकटीत ‘कामठी’ हे नाव वाचून माझ्या वर्गातील मुलांना भारी गंमत वाटली. नागपूरजवळच्या कामठीचे नाव एका वालुकाश्माला मिळालेले आहे आणि ते भूविज्ञानात सर्वमान्य आहे, हे त्यांना आधी खरेच वाटेना.

काळा दगड आणि गोंडवनी खडक यांच्या मध्ये काही ठिकाणी लॅमेटा नावाच्या, डायनोसॉरच्या काळातील गाळाच्या खडकांची अगदी अरुंद पट्टी दिसते. हौशी माणसाने सर्वांत जास्त वेळ या पट्टीवर घालवावा. वरोऱ्याजवळचे पिसदुरा आणि डोंगरगाव ही गावे याच पट्टीतली. डोंगरगावला सापडलेल्या हाडांवरून लांब मानेच्या एका डायनोसॉरचे वर्णन १९९७ मध्ये झाले आणि २००३ मध्ये त्याला आयसिसॉरस हे आजचे नाव मिळाले. त्या नावातील पहिली अक्षरे कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून घेतलेली आहेत. पिसदुऱ्याची ख्याती मात्र डायनोसॉरच्या विष्ठेच्या जीवाश्मांसाठी आहे. जीवाश्म वनस्पतींच्या अभ्यासक वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा नमुन्यांत गवताच्या पेशींत तयार होणारे सिलिकेचे सूक्ष्म कण शोधले आणि २००५ मध्ये ‘सायन्स’ या साप्ताहिकात ते संशोधन छापून आले. डायनोसॉर असतानाच पृथ्वीवर गवत होते, इतकेच नव्हे तर त्याच्या निरनिराळ्या शाखाही फुटलेल्या होत्या, हे त्यातून दिसले. २०११ मध्ये त्याच लॅमेटा थरांतील पुराव्यावरून भाताच्या कुळाचा उगमही तितकाच मागे नेण्यात आला. आमच्या तालुक्यातील जमिनीने वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांत एवढी मोठी दुरुस्ती करायला लावली, आणि येथील दहांपैकी नऊ जणांच्या कानावर ती गेलेली नाही.

आता मर्यादा. नकाशाच्या १:५०,००० या प्रमाणात एक मिलिमीटर म्हणजे ५० मीटर होतात, त्यामुळे दोन-चार हात जाडीची आणि विहिरीच्या भिंतीतच दिसणारी गाळाची पट्टी त्यावर काढणे शक्यच नसते. माझ्या शंखाच्या जागी नकाशावर नुसता लाव्ह्याचा रंग आहे. नकाशा कोठे शोधावे ते सांगतो, काय सापडेल ते सांगत नाही, ही गोष्ट आधीच समजून घेतली तर निराशा होत नाही. दुसरी गोष्ट भाषेची. चौकटीतील सर्व माहिती इंग्रजीत आणि तज्ज्ञांच्या परिभाषेत असते. मी वहीच्या शेवटच्या पानावर नेहमीच्या तीसेक संज्ञांचे मराठी अर्थ लिहून ठेवले आहेत आणि त्यावर काम भागते. नकाशा नुसता पाहण्यासाठी नोंदणी लागत नाही, उतरवून घ्यायचा असेल तर मात्र करावी लागते. मोबाइलच्या पडद्यावर थरांची यादी आणि नकाशा दोन्ही एकदम मावत नाहीत, शिवाय आमच्या गावात दुपारनंतर नेटवर्कचा भरवसा नसतो. म्हणून मी महिन्यातून एकदा तालुक्याच्या गावी जाऊन संगणकावर हवा तो भाग काढतो आणि त्याची रंगीत प्रत घेऊन येतो. पाचपैकी मी भूकोशाला चार गुण देईन.

जोडीला काय वापरावे, हे थोडक्यात सांगतो. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात तयार झालेले ‘रॉक्ड’ हे मोबाइलवरचे साधन हाताळायला फार सुरेख आहे, पण आमच्या भागापुरता त्यातील नकाशा ढोबळ आहे आणि भूकोशानंतर तो अपुरा वाटतो. ‘पॅलिओबायॉलॉजी डेटाबेस’ या खुल्या नोंदसंग्रहात कोठे कोणता जीवाश्म सापडला आणि तो कोणत्या निबंधात नोंदवला गेला, हे नकाशावरील ठिपक्यांतून कळते. मात्र गावाच्या नावाची सगळी इंग्रजी रूपे टाकून पाहावीत, कारण जुन्या साहेबी लेखनात पिसदुऱ्याचे पिझदुरा आणि फिझदुराही झालेले आहे. मराठीतून समजून घ्यायचे तर मराठी विश्वकोशाला अजूनही तोड नाही. दख्खनच्या लाव्ह्यावरील किंवा जीवाश्मांवरील नोंद शांतपणे वाचली की भूकोशाच्या चौकटीतील निम्मे शब्द ओळखीचे होतात. विश्वकोशाचे सुरुवातीचे खंड १९७०च्या दशकातले असल्यामुळे पिसदुऱ्याच्या गवतासारखी अलीकडची माहिती त्यांत शोधू नये.

बातम्यांविषयी एक सावधगिरी. ‘शेतात डायनोसॉरचे अंडे सापडले’ असा मथळा आमच्याकडे अधूनमधून झळकतो. अशा वेळी मी पहिल्यांदा भूकोश उघडतो. जागा काळ्या दगडातली निघाली, तर ते अंडे बहुधा कांद्यासारखे पापुद्रे सुटत झिजलेला काळ्या दगडाचाच गोळा असतो, असे माझ्या अनुभवाला आले आहे. नेच्याच्या पानांसारखी दिसणारी काळी नक्षीही अशीच फसवते. ती दगडाच्या भेगांत साठलेल्या मँगनीजच्या ऑक्साइडांची असते. दोन्ही वस्तू मी स्वतः मोठ्या अभिमानाने शाळेत नेलेल्या आहेत, म्हणून सांगतो.

लॅमेटाची पट्टी शोधत हिंडणाऱ्याने लक्षात ठेवावे की ती सगळी लोकांची कसती वावरे आहेत. पऱ्हाटी (कपाशी) किंवा तूर उभी असताना मालकाला विचारल्यावाचून आत पाऊल टाकू नये, खणू तर मुळीच नये. शेजारी नाणे ठेवून छायाचित्र घ्यावे, जागा लिहून ठेवावी आणि वस्तू हाडासारखी वाटली तर भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूर कार्यालयाला किंवा जवळच्या महाविद्यालयातील भूविज्ञानाच्या प्राध्यापकांना कळवावे.

माझ्या छापील प्रतीवर त्या विहिरीच्या जागी मी पेन्सिलीने एक बारीक फुली मारली होती. नंतर आजूबाजूच्या शिवारांतील विहिरींच्या ढिगांत तसेच शंखाचे तुकडे मिळत गेले आणि आता फुल्या चार झाल्या आहेत. भारतीय सर्वेक्षण विभागाचा समोच्च रेषांचा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा) नकाशा, जो भारतीय नागरिकाला नोंदणी करून फुकट मिळतो, शेजारी ठेवून पाहिला, तर चारही विहिरी एकाच रेषेच्या आसपास येतात. आमच्याकडे लाव्ह्याचे थर जवळजवळ आडवे असल्यामुळे गाळाची ती पट्टी एकच असावी, असे मला वाटते. त्याच रेषेवर पुढे एका वावरात येत्या मे महिन्यात विहिरीचे काम निघणार आहे आणि ढीग पसरण्याआधी मला बोलवायचे त्या काकांनी कबूल केले आहे.