सडा पेटवणारा शोधायचाय, मग आधी शिकवायचं कुणाला? वणव्याच्या तपासाची तीन प्रशिक्षणं

गेल्या मार्चमध्ये, शिमग्याच्या आगेमागे, आमच्या वाडीवरचा सडा, म्हणजे जांभ्याचं गवताळ पठार, अठरा दिवसांत तीनदा पेटला. तिन्ही वेळा दुपारी चारनंतर, आणि तिन्ही वेळा सुरुवात गाडीवाटेपासून वीस-पंचवीस पावलांवर. तिसऱ्या खेपेला आग वाऱ्यावर चढून गडगा (रचलेल्या दगडांचा बांध) ओलांडून आली आणि माझी बारा वर्षांची चाळीस काजूची झाडं गेली. पंचनामे तीन झाले, तीन वेगळ्या माणसांनी केले, आणि कारणाच्या जागी तिन्हींत एकच शब्द: अज्ञात. दुसरा पंचनामा लिहिणाऱ्याने पहिला वाचला नव्हता, तिसऱ्याने दुसरा.

आता शेजारच्या तीन ग्रामपंचायती आणि आमचा बागायतदारांचा गट मिळून प्रशिक्षणासाठी थोडी रक्कम बाजूला काढतोय. कुणाला पाठवायचं, काय शिकवायचं, यावर दोन बैठका वादात गेल्या. एकाला ड्रोन हवा, दुसऱ्याला कॅमेरे, तिसऱ्याला मुंबईहून तज्ज्ञ. त्या वादासाठी मी जमवलेलं इथे मांडतो. हाच प्रश्न समोर असलेल्या कुणालाही ते उपयोगी पडेल. माझा कौल लपवत नाही: एकाच गोष्टीपुरते पैसे असतील तर ते आग विझवायला पहिल्यांदा धावणाऱ्या गावकऱ्यांवर खर्च करा.

त्याआधी एक भेद मनात पक्का हवा. कोकणातला प्रत्येक वणवा दुष्टाव्याने लावलेला नसतो. राब भाजताना, म्हणजे भाताच्या रोपांसाठी जमीन भाजताना, आग बांधाबाहेर जाते, बेणणीचा (बागेतलं गवत-झुडपं कापल्याचा) पालापाचोळा पेटवून माणूस जेवायला जातो, विजेच्या तारा घासून ठिणग्या पडतात, शिकारीसाठी रान पेटवलं जातं, पुढच्या पावसात गवत चांगलं फुटतं या समजुतीनेही जाळतात. मालिका म्हणायची ती वेगळी. अमेरिकेच्या एफबीआयच्या व्याख्येत तीन किंवा अधिक आगी लागतात, आणि दोन आगींच्या मध्ये माणूस शांत होतो, असा खंड लागतो. आमचे तीन वणवे एकाच हातचे होते की नाही, हे मला आजही माहीत नाही. ते कळण्याजोगं काही उरलंच नव्हतं, आणि प्रशिक्षणाचा सगळा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

आठवड्याचं प्रशिक्षण: राखेतून उगमाकडे

अमेरिकेत वणव्याचा उगम आणि कारण शोधण्याचा एक पायाभूत अभ्यासक्रम आहे, एफआय-२१०. त्याचा गाभा एका वाक्यात मावतो: आग कुठून कुठे गेली ते जळलेल्या वस्तूंवर लिहिलेलं असतं, ते उलट वाचत जायचं. गवताच्या काड्या, दगडांवरचे डाग, खोडावरच्या करपण्याचा कोन, पानांचं आखडणं आणि एखाद्या वस्तूच्या आडोशाला वाचलेला गवताचा पट्टा, या सगळ्यांवर खुणा राहतात. वाऱ्याविरुद्ध हळूहळू मागे सरकणारी आग गवताची काडी बुडाशी खाते, आणि काडी आग जिकडून आली तिकडे डोकं करून पडते. शिकणारा माणूस रंगीत झेंड्या रोवत आत जातो. पुढे धावलेल्या आगीला लाल, बाजूला पसरलेल्या आगीला पिवळी, मागे सरकलेल्या आगीला निळी, आणि पुराव्याच्या जागेला पांढरी. झेंड्यांचा आकार दिसू लागला की उगमाची जागा काही फुटांपर्यंत आकसते. मग चौकोन आखून, गुडघ्यावर बसून, इंच इंच माती पाहायची.

हे ज्ञान आपल्याकडे जसंच्या तसं लागू होत नाही, आणि बाहेरचा तज्ज्ञ बोलावताना हीच गोष्ट विसरली जाते. आपला जांभा मुळातच तांबूस-काळपट आणि छिद्रांनी भरलेला. गुळगुळीत, फिक्या दगडावर धुराचा डाग जसा उठून दिसतो तसा तो जांभ्यावर दिसत नाही. उलट आपल्याकडे एक फार मोलाची वस्तू आहे, ती म्हणजे गडगा. दगडी गडग्याची एक बाजू होरपळलेली आणि पलीकडच्या बुडाला गवताची हिरवी-पिवळी ओळ शाबूत असेल, तर आग कुठून आली ते नवख्यालाही सांगता येतं.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. किनाऱ्यालगत सकाळी जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा असतो, आणि दिवस चढला की समुद्रावरून खारा वारा सुरू होतो. सकाळी दहाला लागलेली आग दुपारी दिशा बदलते. त्याच सड्यावर दोन उलट दिशांच्या खुणा मिळतात, आणि ज्याला हा पालट ठाऊक नाही तो उगम भलत्याच टोकाला धरतो. देवगड-राजापूरच्या कुठल्याही मच्छीमाराला विचारा, तो वारा किती वाजता फिरतो ते सांगेल. प्रशिक्षणाच्या एका तासाला अशा माणसाला बोलवावं, असं मी मनापासून म्हणेन.

तिसरी गोष्ट बिडी. आपल्याकडे कारण सापडलं नाही की 'कुणीतरी बिडी टाकली असेल' हे ठरलेलं. अमेरिकी तपासनिसांचा ढोबळ नियम असा की हवेतली आर्द्रता साधारण २२ टक्क्यांच्या वर असेल तर सिगारेटच्या थोटकाने गवत पेटणं अवघड असतं. किनारपट्टीवर आर्द्रता इतकी खाली क्वचित येते. पूर्वेचा कोरडा वारा सुटला तर येऊ शकते, पण त्या दिवशीची नोंद पाहिल्याशिवाय बिडीवर खापर फोडता येत नाही. याच्या उलट बाजूची चूकही तितकीच मोठी: 'दुसरं कारण दिसत नाही, म्हणजे कुणीतरी लावली.' आगीच्या तपासाचा अमेरिकेतला मान्य दस्तऐवज, एनएफपीए ९२१, त्याच्या २०११ च्या आवृत्तीने हा तर्क स्पष्ट नाकारला. पुरावा नसणं हा पुरावा होत नाही. हे एक वाक्य जरी आठवड्याच्या प्रशिक्षणातून डोक्यात बसलं, तरी मी त्याला पैसे वसूल म्हणेन. कारण आपल्याकडे 'कुणीतरी' म्हटलं की बोट लगेच बागेतल्या नेपाळी राखणदाराकडे किंवा वरच्या धनगरवाडीकडे वळतं.

या प्रशिक्षणाची मर्यादाही मोठी आहे. शिकलेला माणूस पोहोचतो दुसऱ्या दिवशी. तोवर चाळीस जणांनी डहाळ्यांनी झोडपून आग विझवलेली असते, टँकर आत गेलेला असतो, आणि उगमाच्या जागेवर चपलांचे ठसे तेवढे असतात.

मालिका जोडण्याचं प्रशिक्षण

हे वरच्या पायरीचं. अमेरिकेत एफआय-३१० हा अभ्यासक्रम तपास उभा करण्याबद्दल आहे, म्हणजे जबाब, पुराव्याची साखळी, वकिलापुढे फाइल. मालिकेच्या तपासात यात भर पडते ती नकाशाची आणि वेळापत्रकाची: कुठला वार, किती वाजता, रस्त्यापासून किती अंतरावर, कशाने पेटवलं, त्या दिवशी वारा कसा होता.

दोन खटले लक्षात ठेवण्यासारखे आहेत. २००६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइड कौंटीत उन्हाळाभर लहान लहान वणवे लागत होते. २६ ऑक्टोबरला लागलेल्या एस्पेरान्झा आगीत वनखात्याचे पाच जवान गेले. रेमंड ली ऑयलर २००९ मध्ये दोषी ठरला. त्याच्याविरुद्धच्या पुराव्यात जूनमधल्या दोन किरकोळ आगींच्या जागी उचलून ठेवलेली सिगारेटची थोटकं होती, आणि त्यांवरचा डीएनए त्याच्याशी जुळला. जूनमध्ये कुणी म्हणालं असतं, 'चार गुंठे गवत जळलंय, त्याला काय बघायचं', तर तो दुवा कायमचा गेला असता.

दुसरा जॉन ऑर. ग्लेनडेलच्या अग्निशमन दलातला कॅप्टन, आणि स्वतः आगींचा तपासनीस. १९८७ मध्ये बेकर्सफील्डच्या मार्व्हिन केसी या तपासनिसाच्या ध्यानात आलं की आगींची रांग आणि आग-तपासनिसांच्या परिषदेची तारीख व रस्ता जुळतायत. पेटवण्याच्या साधनातल्या कागदावर बोटाचा ठसा होता. तो ऑरशी जुळायला १९९१ उजाडलं. चार वर्षं तो कागद जपून ठेवला गेला. शिवाय आगीवर सगळ्यात आधी पोहोचणाऱ्यालाही तपासातून वगळायचं नसतं, हे या खटल्याने शिकवलं. गावात हे बोलणं जड जातं. तरी प्रशिक्षणात ते उघड सांगायलाच हवं.

ऑस्ट्रेलियाची रीत वेगळी. दक्षिण ऑस्ट्रेलियाचे पोलीस 'ऑपरेशन नोमॅड' नावाखाली आगीच्या धोक्याच्या दिवसांत गस्त वाढवतात आणि ज्यांच्यावर संशय आहे त्यांच्या घरी जाऊन येतात. मोठ्या मनुष्यबळाच्या पोलीस दलाला हे जमतं. आपल्या एका पोलीस ठाण्याखाली किती गावं येतात ते पाहता मी यावर भिस्त ठेवणार नाही. लहान गावात पोलिसांची गाडी एका दारात दोनदा थांबली, तर त्या माणसाचा निकाल वाडीनेच लावलेला असतो.

इटलीचं मात्र घेण्यासारखं आहे. तिथे जंगलाच्या आगींचा तपास करणारं खास पथक मूळच्या वनरक्षक दलातलं, आणि १ जानेवारी २०१७ पासून ते दल काराबिनिएरी या पोलीस दलात सामावलं गेलं. रान ओळखणारा आणि गुन्हा नोंदवणारा एकाच छपराखाली आले. आपली अडचण नेमकी इथेच आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गातले बहुतेक डोंगर खासगी मालकीचे. राखीव जंगल पेटलं तर भारतीय वन अधिनियम, १९२७ चं कलम २६ आणि वनखातं, खासगी सडा पेटला तर पोलीस. पेटवणारा सर्व्हे नंबर बघून काडी ओढत नाही. मालिकेतली पहिली आग वनपालाच्या वहीत, दुसरी ठाण्यात, आणि तिसरी कुठेच नाही, असं होतं. म्हणून आठवड्याच्या प्रशिक्षणाला कुणाला पाठवायचं असेल तर वनखात्याचा एक आणि पोलिसांचा एक, दोघं एकाच तुकडीत जावेत यासाठी अर्ज करा. एकट्याला पाठवण्यात निम्मा फायदा.

कायद्याची बाजू आता पूर्वीपेक्षा बरी आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२६ मध्ये शेतमालासह मालमत्तेचं आगीने नुकसान करण्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने जागेवर जावं, अशी तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ मध्ये आहे, राज्यांनी ती पाच वर्षांत टप्प्याटप्प्याने अमलात आणायची आहे. म्हणजे हेतुपुरस्सर लावलेल्या वणव्याचा गुन्हा योग्य कलमाखाली नोंदला गेला तर तज्ज्ञ मागता येतो. आणि पोलिसांपुढचा कबुलीजबाब न्यायालयात चालत नाही, त्यामुळे 'उचलून आणा, बोलेल' हा बैठकीत ऐकू येणारा उपाय पहिल्या सुनावणीतच पडतो.

या प्रशिक्षणाची खरी अट अशी की जोडायला काहीतरी नोंदलेलं हवं. उपग्रहावर विसंबणाऱ्यांसाठी सांगतो. भारतीय वन सर्वेक्षण संस्थेचे इशारे ज्या व्हीआयआयआरएस उपकरणावर बरेच अवलंबून आहेत, ते ३७५ मीटरच्या चौकोनात पाहतं आणि आपल्यावरून साधारण दुपारी दीड आणि रात्री दीडच्या सुमारास जातं. चारला लागून आठला विझवलेली आमची एकही आग त्याला दिसण्याची शक्यता फार कमी. ज्या आगींची मालिका होते, त्या नेमक्या अशाच असतात.

एक दिवसाचं, गावातलं

यावर लिहायला सगळ्यात कमी आहे. पोलीस पाटील, बागांचे राखणदार, वनरक्षक आणि आग विझवायला धावणारी पोरं, अशा तीस-चाळीस जणांना शाळेच्या पडवीत बसवून एवढंच शिकवायचं: जाताना वाटेत कोण भेटलं, कुठली गाडी उलट गेली ते लक्षात ठेवा. धूर पहिल्यांदा दिसला तेव्हाची वेळ आणि दिशा लिहा, मोबाइलवर फोटो काढा. आग जिथून सुरू झाली असं वाटतं त्या जागेत शिरू नका, चार काठ्या रोवून सुंभ बांधा, टँकर दुसऱ्या बाजूने न्या. काही सापडलं तर हात लावू नका. आणि संशयिताचं नाव गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका.

याला शिकवणारा बाहेरून आणायची गरज नाही, आठवड्याचं प्रशिक्षण घेतलेला एक वनपाल पुरतो. यातून कुणी पकडला जाणार नाही, हे खरं. पण उरलेली दोन्ही प्रशिक्षणं ज्यावर उभी आहेत, ते इथेच वाचतं किंवा तुडवलं जातं.

मग तुम्ही काय घ्यावं

तुमच्याकडचे वणवे मुख्यतः राब भाजायच्या दिवसांत आणि शेतालगत लागत असतील, तर तपासाच्या प्रशिक्षणावर पैसे घालू नका. आग अडवायला जाळरेषा काढा आणि भाजावळीचे दिवस वाडीवार ठरवून द्या. आगी वाटेलगत, ठरावीक वेळी, एकामागून एक लागत असतील, तर गावातला दिवस आधी आणि त्याच हंगामासाठी एक नोंदवही. त्यात तारीख, वेळ, जागेचे अक्षांश-रेखांश, वाऱ्याची दिशा, वाटेपासूनचं अंतर आणि काय सापडलं. दोन गुंठे जळले तरी नोंद. एक हंगाम ती वही भरल्यावर मालिकेचं प्रशिक्षण घेतलेल्या अधिकाऱ्याकडे न्यायला तुमच्या हातात काहीतरी असेल. वही नसताना तो अधिकारी आला, तर त्यालाही 'अज्ञात'च लिहावं लागेल. ड्रोन आणि कॅमेऱ्यांचा विचार मी तोवर करणार नाही, कारण वही नसेल तर कॅमेरा कुठल्या वाटेवर लावायचा हेच ठरत नाही.

दिवाळीनंतर गवत वाळायला लागतं, म्हणून गावातला दिवस डिसेंबरातच उरकावा. आठवड्याच्या अभ्यासक्रमात मुद्दाम जाळलेल्या तुकड्यावर उगम शोधायचा सराव असतो. तो आपल्याकडेही हवा. लेखी परवानगी घेऊन, चारी बाजूंनी गवत कापून, टँकर उभा करून, एकाने कुणाला न सांगता पेटवायचं आणि विझल्यावर बाकीच्यांनी झेंड्या घेऊन आत जायचं. सकाळच्या मतलई वाऱ्यावर एक तुकडा, दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर दुसरा. त्यासाठी गडग्याला लागून असलेली माझी दहा गुंठे जागा, जिथे काजू होते ती, मी गटाला देऊ केली आहे.