‘सेलिब्रेशन डे’: एकोणसाठाव्या वर्षीचा गळा

लेड झेपेलिन या ब्रिटिश रॉक बँडने 10 डिसेंबर 2007 रोजी लंडनच्या ओटू अरीनामध्ये सादर केलेल्या कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण आणि चित्रण ‘सेलिब्रेशन डे’ या नावाने नोव्हेंबर 2012 मध्ये बाजारात आले. दोन सीडी आणि ब्लू-रे असा हा संच मी गेली काही वर्षे पुन्हापुन्हा ऐकतो आहे, आणि दर वेळी माझे लक्ष गिटार किंवा ड्रम्सपेक्षा गायक रॉबर्ट प्लांटच्या आवाजाकडेच अधिक जाते. त्या रात्री तो 59 वर्षांचा होता. तारुण्यात ज्या गळ्याने रॉक संगीतात तार सप्तकातली आरोळी हीच आपली ओळख करून ठेवली, त्या गळ्याचे साठीच्या उंबरठ्यावर काय झाले आणि गायकाने त्यातून कशी वाट काढली, हे समजून घेण्यासाठी याच्याइतके चांगले ध्वनिमुद्रण माझ्या ऐकण्यात नाही. म्हणून हे परीक्षण मुख्यतः आवाजाचे आहे.

वय वाढते तसे गळ्यात नेमके काय घडते, हे आधी थोडक्यात सांगायला हवे. स्वरतंतूंमधला स्नायू बारीक होतो, त्यावरच्या मऊ थराची लवचिकता कमी होते आणि तंतूंच्या कडा किंचित वाकल्यामुळे मिटताना त्यांच्यामध्ये फट राहू लागते. त्या फटीतून हवा निसटते आणि आवाज पोकळ, श्वासमिश्रित होतो. स्वरयंत्राच्या कूर्चा हळूहळू हाडासारख्या कडक होत जातात, छातीचा पिंजरा पूर्वीसारखा फुलत नाही आणि दमसास तोकडा पडतो. स्वराला जो नैसर्गिक कंप असतो तो मंदावतो आणि रुंदावतो. त्याचे प्रमाण वाढले की स्वर डळमळल्यासारखा वाटतो. गंमत अशी की तंतू पातळ झाल्यामुळे पुष्कळ वृद्ध पुरुषांचा बोलण्याचा स्वर थोडा वरच सरकतो, पण गाण्यातले वरचे स्वर मात्र हातून निसटत जातात, कारण ते ताकदीने लावण्यासाठी तंतू घट्ट मिटावे लागतात आणि खालून हवेचा भरपूर दाब यावा लागतो. या दोन्ही गोष्टी वय हिरावून घेत असते. रॉक गायकाला हे विशेष जाणवते. मंद आवाजात गाणाऱ्याला फटीतून निसटणारी हवा कदाचित शोभूनही दिसेल. विजेच्या गिटारी आणि ड्रम्सच्या वर गाणाऱ्याला ती परवडत नाही.

परंतु प्लांटच्या बाबतीत सगळा दोष वयाच्या माथी मारणे चुकीचे ठरेल, आणि हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. जून 1972 मधल्या कॅलिफोर्नियातील कार्यक्रमांची ध्वनिमुद्रणे 2003 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांत 23 वर्षांचा प्लांट वरच्या स्वरांवर असा झेपावतो की जणू तिथे पोहोचायला काही श्रमच पडत नाहीत. त्यानंतर जेमतेम एका वर्षाने, जुलै 1973 मध्ये न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये झालेल्या कार्यक्रमांत तोच गायक अनेक ओळींची चाल खाली वळवून घेताना ऐकू येतो. पंचविशीही न ओलांडलेल्या माणसाच्या गळ्यात हा बदल म्हातारपणाने केलेला नाही. तो सततच्या दौऱ्यांनी आणि विश्रांतीवाचून ओरडत राहण्याने झालेल्या झिजेचा परिणाम म्हणावा लागेल. पुढे 1985 मध्ये लाइव्ह एड या मदतनिधीच्या कार्यक्रमात प्लांट, गिटारवादक जिमी पेज आणि बेसवादक जॉन पॉल जोन्स पुन्हा एकत्र आले तेव्हा प्लांट 36 वर्षांचा होता आणि त्याचा आवाज बसलेला होता. ते सादरीकरण ऐकून लगेच हा संच लावला, तर 36 व्या वर्षीच्या गळ्यापेक्षा 59 व्या वर्षीचा गळा अधिक निरोगी वाटतो. वय आणि झीज या दोन गोष्टी आपण नेहमी एकाच नावाने ओळखतो, म्हणून हे शांतपणे ऐकण्यासारखे आहे.

ओटू अरीनातल्या कार्यक्रमात काही गाणी मूळ ध्वनिमुद्रणापेक्षा खालच्या पट्टीत वाजवली आहेत. या निर्णयावर चाहत्यांमध्ये बराच वाद झाला, आणि पट्टी उतरवणे म्हणजे हार मानणे असे समजणारा ऐकणारा आजही भेटतो. मला ते मुळीच मान्य नाही. गायकापुढे दोनच मार्ग असतात: पट्टी तीच ठेवून चाल मोडायची, किंवा पट्टी उतरवून चाल शाबूत ठेवायची. 1973 मध्ये प्लांटने पहिला मार्ग घेतला होता आणि त्यामुळे ओळींचे उतार-चढाव पुष्कळदा सपाट झाले होते. इथे पट्टी खाली आल्यामुळे ओळीला तिचा चढ पुन्हा मिळाला आहे, आणि गायकाला शब्दांकडे लक्ष देण्याइतकी उसंतही मिळाली आहे. शिवाय याचा एक परिणाम वाद्यांवरही झाला आहे. तारा सैल लावल्यावर गिटारचा आवाज जाड आणि गडद होतो. 63 वर्षांच्या जिमी पेजची गिटार आणि 61 वर्षांच्या जॉन पॉल जोन्सचा बेस यांचा मिळून जो भार या ध्वनिमुद्रणात जाणवतो, तो सत्तरच्या दशकातल्या त्यांच्या कार्यक्रमांत नव्हता. ड्रम्सवर बँडचा मूळ ड्रमवादक दिवंगत जॉन बॉनमचा मुलगा जेसन आहे आणि तो गायकाला श्वास घ्यायला जागा ठेवून वाजवतो.

कार्यक्रमात सोळा गाणी आहेत आणि त्यांची निवडच सांगते की गळ्याचा विचार आधी झालेला आहे. 1972 मध्ये ज्या गाण्याने कार्यक्रम उघडत असे, ज्याची सुरुवातच दोन लांब, उंच आरोळ्यांनी होते, ते ‘इमिग्रंट साँग’ या यादीत नाही. सुरुवातीचे ‘गुड टाइम्स बॅड टाइम्स’ सावधपणे गायले आहे. आवाज स्वच्छ आहे, पण गायक अजून जागा चाचपतो आहे असे वाटते. ‘इन माय टाइम ऑफ डाइंग’पर्यंत मात्र तो सैलावतो. हे संथ ब्लूज गाणे मधल्या सप्तकात फिरते, त्यामुळे प्लांटच्या आवाजाला वयाने आलेला खरखरीत पोत इथे उघडपणे वापरता येतो. मृत्यूसमोर उभे राहून गायलेल्या या ओळी 59 व्या वर्षी जितक्या पटतात तितक्या विशीत पटल्या नव्हत्या. ‘फॉर युअर लाइफ’ हे गाणे बँडने त्या रात्री प्रथमच प्रेक्षकांसमोर वाजवले, आणि त्याची जुनी सादरीकरणे डोक्यात नसल्यामुळे ऐकणाऱ्याला तुलनेच्या ओझ्यातून सुटका मिळते.

सर्वांत अवघड गाणे ‘द साँग रिमेन्स द सेम’. मूळ ध्वनिमुद्रणात त्यातला आवाज इतक्या टोकाला आहे की तो तारुण्यातही सहज नव्हता, आणि इथे प्लांट अनेक ओळी खाली उतरवून गातो. संपूर्ण संचात मला खटकलेली हीच एक जागा आहे. वाद्ये धावत असतात, आवाज मात्र त्यांच्या मागून चालतो आहे असे वाटत राहते, आणि हे गाणे वगळले असते तर बरे झाले असते असे माझे स्पष्ट मत आहे.

‘कश्मीर’विषयी मात्र किती लिहावे असा प्रश्न पडतो. या गाण्यात उड्या मारायच्या नसतात, स्वर धरून ठेवायचा असतो, आणि धरलेला स्वर हीच वयाची खरी परीक्षा आहे, कारण दमसास कमी पडला की शेवटी तो लटपटतो किंवा आधीच तुटतो. प्लांट तो स्वर पोटातून उचलतो, हळूहळू भरतो आणि मग सोडतो. त्याच्या कडेला थोडी धूळ आहे, पण मधला गाभा भक्कम आहे. तोवर कार्यक्रमाचा बहुतेक भाग गाऊन झालेला आहे, हे लक्षात घेतले की त्याने सुरुवातीला राखलेली सावधगिरी कशासाठी होती ते कळते. तरुण गायक पहिल्या गाण्यात सगळे उधळून टाकतो. या गायकाने तासभर साठवून ठेवले आणि योग्य ठिकाणी खर्च केले.

याच सुमारास, ऑक्टोबर 2007 मध्ये, प्लांटचा गायिका अॅलिसन क्राउससोबतचा ‘रेझिंग सँड’ हा अल्बम प्रसिद्ध झाला होता. त्यात तो जवळजवळ कुजबुजल्यासारखा, दुसऱ्या आवाजाच्या कडेने गातो, आणि 2009 मध्ये त्या अल्बमला वर्षातील सर्वोत्तम अल्बमचे ग्रॅमी मिळाले. हे दोन्ही एकापाठोपाठ ऐकले की ‘सेलिब्रेशन डे’मधल्या हळुवार जागा, विशेषतः ‘सिन्स आय हॅव बीन लव्हिंग यू’च्या सुरुवातीच्या ओळी, कोणत्या सवयीतून आल्या असाव्यात याचा अंदाज येतो. प्रत्येक रॉक गायकाला अशी वाट सापडत नाही. एरोस्मिथच्या स्टीव्हन टायलरला सप्टेंबर 2023 मध्ये स्वरयंत्राची गंभीर दुखापत झाली आणि पुढच्या वर्षी बँडला दौरे कायमचे थांबवावे लागले. जॉन बॉन जोव्हीला 2022 मध्ये स्वरतंतूवर शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. लंडनचा हा कार्यक्रमही मूळच्या 26 नोव्हेंबरवरून पुढे ढकलला गेला होता, पण कारण होते पेजचे मोडलेले बोट. बोटाचे हाड काही आठवड्यांत जुळते. झिजलेल्या स्वरतंतूसाठी अशी तारीख कोणी देऊ शकत नाही.

ध्वनिमिश्रण अॅलन मोल्डरचे आहे आणि ते बहुतांशी उत्तम आहे. आवाज पुढे ठेवला आहे, त्यामुळे ओळींमधला श्वास आणि शब्दाच्या शेवटी येणारी घोगरी किनारही ऐकू येते. जोरकस गाण्यांत ड्रम्स थोडे जास्त झाले आहेत आणि तिथे मधले स्वर झाकले जातात. चित्रणाबद्दल माझी तक्रार जरा मोठी आहे. दिग्दर्शक डिक कॅरूदर्स यांनी दृश्ये झपाट्याने बदलली आहेत, आणि एखादा लांब स्वर लागत असताना गायकाची छाती, खांदे, जबडा सलग पाहावेत असे वाटते तेव्हा नेमका कॅमेरा दुसरीकडे गेलेला असतो. ज्यांना गाणे शिकायचे किंवा शिकवायचे आहे त्यांचे यात नुकसान होते. तरीही ‘स्टेअरवे टू हेवन’च्या वेळी प्लांटच्या चेहऱ्यावरची एकाग्रता स्पष्ट दिसते. अटलांटिक रेकॉर्ड्सचे सहसंस्थापक असलेल्या ज्या अहमत एर्टेगुन यांच्या स्मरणार्थ कार्यक्रम होता, त्यांचे नाव घेऊन तो गाण्याच्या शेवटी ‘आपण करून दाखवले’ अशा अर्थाचे उद्गार काढतो, तेव्हा त्या स्वरातला सुटकेचा भाव लपत नाही.

फक्त ऐकायचे असेल तर दोन सीडी पुरेशा आहेत आणि मी स्वतः बहुतेक वेळा त्याच लावतो. सरावाचे चित्रण असलेली अधिक महाग आवृत्ती बँडच्या निष्ठावंत चाहत्यांनीच घ्यावी. ऐकताना मात्र हेडफोन वापरावेत, आवाज मध्यम ठेवावा, आणि शेवटच्या ‘रॉक अँड रोल’पर्यंत मधे न थांबता जावे. सुमारे दोन तास गाऊन झाल्यावर प्लांट तिथे पोहोचतो तेव्हा त्याच्या आवाजात थकवा आहे, पण स्वर बेसूर होत नाही, आणि शेवटच्या ओळी तो गर्दीच्या हवाली न करता स्वतः गातो.