ट्रॅक्टरला पुढे डोझर लावून आठ महिने झाले, पुढचा एक्सल कसा सांभाळला ते लिहितोय

राहतो इंदूरला राजेंद्रनगरात, शेती सांवेरकडे. फेब्रुवारीत जुन्या ४२ एचपीच्या टू-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरला पुढे डोझर (माती ढकलायचं पातं) लावला, ब्लेड आणि फ्रेम धरून ३०० किलो. लावणारा बोलला काही करावं लागत नाही, बिनधास्त चालवा. चालवला, आणि पंधरा दिवसांत स्टेअरिंग असं जड झालं की संध्याकाळी खांदे भरून यायचे.

आधी वाटलं पुढचे टायरच कमजोर आहेत, म्हणून ६.००-१६ काढून ७.५०-१६ टाकले, हवा वाढवली, सेंटर पिनचे (ज्या पिनवर पुढचा एक्सल झुलतो तिचे) बुश बदलले, हबचे बेअरिंग उघडून ग्रीस भरलं आणि नट नीट आवळला, टो-इन (पुढची चाकं पुढून किती आत वळलेली ते) फीत लावून पुन्हा सेट केलं. फरक पडला, नाही असं नाही, पण अर्धाच.

मग मिनेसोटातल्या चुलतभावाशी फोनवर बोलणं झालं. त्याच्या पिकअपला बर्फ ढकलायचं ब्लेड आहे आणि पुढे टॉर्शन बार, म्हणजे पिळून स्प्रिंगचं काम करणारी दांडी. तो म्हणे, अरे त्या बारचा बोल्ट आवळला की गाडी पुढून वर येते, पण बार काही कडक होत नाही, उलट चाकाला खाली जायला जागा कमी उरते आणि अलाइनमेंट बिघडते ते वेगळंच. म्हणून तो बोल्ट थोडाच आवळतो आणि मागच्या एक्सलच्या मागे वाळूच्या गोण्या टाकतो. आपल्या ट्रॅक्टरला तर पुढे स्प्रिंगच नाही, आवळायचं काय!

पण गोण्यांची गोष्ट डोक्यात बसली. कागदावर मांडलं: ब्लेड पुढच्या एक्सलच्या साधारण १ मीटर पुढे, दोन एक्सलमध्ये २ मीटर, म्हणजे ३०० किलोचा पुढे भार ४५० आणि मागून १५० उचलले जातात. आणि ब्रेक तर मागच्याच चाकांना! एकदा तलावाच्या उतारावर ब्रेक दाबले, चाकं थांबली पण ट्रॅक्टर घसरत राहिला, तेव्हा जे कळायचं ते कळलं.

लोहामंडीतून भंगार प्लेटा आणून वेल्डरकडून थ्री-पॉइंटला (मागे अवजार जोडतो त्या जोडणीला) लटकवायचं ३०० किलोचं वजन करून घेतलं, एक्सलच्या १ मीटर मागे. त्याने पुढचे १५० किलो कमी होतात, मागे ४५० वाढतात. मागच्या १३.६-२८ टायरांत पाणीही भरलं, व्हॉल्व्ह वर ठेवून व्हॉल्व्हपर्यंतच, वर हवा राहू द्यायची. पाण्याने पुढचा भार एक किलोही कमी होत नाही हं, फक्त पकड येते.

त्यानंतर स्टेअरिंग एका हाताने फिरतंय. पावसाळ्यानंतर बांध नीट केले, काळी माती ब्लेडला चिकटून वजन वाढतंच, तरी मागचं टोक जागेवर राहिलं. तोटा एवढाच, ओल्या रानात चाकं जास्त रुततात आणि शेत दबतं, म्हणून पेरणीच्या आधी वजन काढून ठेवतो, त्याला दोन माणसं आणि तासभर जातो. बुश आत्ता पुन्हा बघितले, खेळ थोडा आलाय, दिवाळीनंतर बदलेन.