वजनकाटा घरात आणून सात महिने झाले

दिवाळीनंतर साताऱ्यातल्या पोवई नाक्यावरून डिजिटल वजनकाटा आणला, चरबीची टक्केवारीही दाखवणारा. माझी उंची 165 सेंटिमीटर, वजन भरलं 66 किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) 24.2. काट्याच्या ॲपनं हिरवा रंग दाखवला आणि मी निर्धास्त झालो.

डॉक्टरांनी मात्र आधी टेप काढली. कंबर 95 सेंटिमीटर! बीएमआयचं म्हणाल तर आपल्या लोकांसाठी जादा वजनाची रेषा 25 वर नाही, 23 वर धरतात. कंबर पुरुषांची 90 च्या आत हवी, बायकांची 80 च्या. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचा फोटो 2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला होता, त्याबद्दल माझ्या डॉक्टरांनी सांगितलं. दोघांचा बीएमआय 22.3, पण चरबी युडकिनांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2. बारीक हातपाय आणि पुढं आलेलं पोट, अशी आमच्या गल्लीतली कितीतरी माणसं माझ्या डोळ्यांपुढं आली.

आता काट्याविषयी. वजन नीट दाखवतो, पण सपाट फरशीवरच. सतरंजीवर ठेवला की आकडा बदलतो. मी सकाळी पोट साफ झाल्यावर, चहाआधी उभा राहतो. लग्नाचं जेवण झालं की दुसऱ्या दिवशी किलोभर वाढलेलं दिसतं. ते मीठ आणि पाणी, दोन दिवसांत उतरतं. म्हणून वहीत आठवड्याची सरासरी लिहितो. चरबीसाठी मात्र जादा पैसे घालू नका. तळपायांतून बारीक वीजप्रवाह सोडून काढलेला तो अंदाज आहे, अंगातल्या पाण्याबरोबर हलतो. एकाच दिवशी मी 24 आणि 27 टक्के पाहिलेत. पेसमेकर असणाऱ्यांनी तर अशा काट्यावर उभंच राहू नये.

आठवड्यातून पाच दिवस यवतेश्वरचा घाट चढतोय, रात्रीचा भात कमी केलाय. वजन उतरलं फक्त दीड किलो. नुसता काटा बघत बसलो असतो तर मार्चमध्येच चालणं सोडलं असतं. पण कंबर 89 झाली, रक्तातली तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए1सी) 6.1 वरून 5.8 वर आली.

काट्याचे पैसे खरे वसूल झाले ते आईमुळं. चार महिन्यांत ती 54 वरून 50 वर आली. येणारे-जाणारे म्हणायचे, “काकू, छान बारीक झालात.” जेवण तर पहिल्यापेक्षा जास्तच होतं. वही डॉक्टरांपुढं ठेवली, त्यांनी लगेच थायरॉईड तपासायला लावलं. ते वाढलेलं निघालं. गोळ्या चालू आहेत, गेल्या रविवारी 51.4 भरलं.