ड्रेपरीवाला, आजीची ट्रंक की भंगारबाजार? इंदूरमध्ये १९५६ साल उभं करायचं तर

बारा मिनिटांची फिल्म, गोष्ट १९५६ची, गिरणीतल्या जॉबरचं (कामगारांवरच्या मुकादमाचं) दोन खोल्यांचं घर आणि कपडे-प्रॉपर्टी मिळून खिशात आठ हजार रुपये. दोन वर्षांपूर्वी आमची अवस्था ही होती. यंदा कॉलेजातली दोन मुलं नेमका तोच प्रश्न घेऊन आली. सगळं ड्रेपरीवाल्याकडून, म्हणजे नाटकाचे कपडे भाड्याने देणाऱ्याकडून आणायचं, नातेवाइकांकडे मागायचं, की विकत घेऊन टाकायचं? पोह्यांच्या ठेल्यावर उभ्याउभ्या त्यांना जे सांगितलं, तेच इथे जरा सविस्तर.

यातला एकच मार्ग धरला की फसगत होते. आम्ही आधी सगळंच भाड्याने आणायचं ठरवलं होतं. एकच फेरी, एकच बिल, डोक्याला ताप नाही. पहिल्या दिवशीच्या रशेस, म्हणजे शूट केलेलं कच्चं फुटेज, बघितल्या आणि घर गॅदरिंगमधल्या नाटिकेसारखं दिसायला लागलं. तेव्हापासून कुठलीही वस्तू आणायच्या आधी मी एवढंच विचारतो: ही कॅमेऱ्यापासून किती हातांवर असणार?

पंधरा हातांच्या पलीकडे असेल तर ड्रेपरीवाला उत्तम. गिरणीच्या फाटकावरची गर्दी, मागून जाणारा पगडीवाला, शिपाई, बँडवाले, यांच्यासाठी दुसरीकडे धावण्यात अर्थ नाही. एका गाठोड्यात दहा माणसांचे कपडे मिळतात. पण जवळ आलं की पोल उघडते. भाड्याची नऊवारी बहुतेक शिवलेली असते. कमरेला इलास्टिक, कापड पॉलिएस्टरचं, काठ पिवळ्याधमक जरीचा. बाई उभी असेपर्यंत ठीक. चुलीपुढे उकिडवी बसली की कासोटा हलतच नाही, जागच्या जागी टाचल्यासारखा राहतो. आमच्याकडे आलेल्या कोटाला तर आतून व्हेल्क्रो होता. नटाने भर संवादात कोट काढला आणि त्याचा तो चर्रर्र आवाज थेट साउंडमध्ये आला.

भाड्याच्या बाबतीत दोन गोष्टी आधीच बोलून घ्या. दिवस कसा मोजतात? संध्याकाळी नेलं, दुसऱ्या दिवशी शूट केलं, तिसऱ्या दिवशी सकाळी परत दिलं, तर हा एक दिवस की तीन? आणि डिपॉझिटमधून धुलाई कापतात का? गणपतीत आणि डिसेंबर-जानेवारीच्या गॅदरिंगच्या दिवसांत चांगला माल आधीच बाहेर गेलेला असतो, त्या काळात शूट लावूच नका.

जवळच्या फ्रेमसाठी मात्र ट्रंकच. रामबाग, नारायण बाग, लोकमान्य नगर या भागांतल्या जुन्या मराठी घरांत माळ्यावर अजून काय काय आहे, हे घरच्यांनाही ठाऊक नसतं. आमच्या नायिकेचं लुगडं मित्राच्या आजींनी दिलं. सुती, धुऊन धुऊन मऊ झालेलं, घड्यांवर डांबराच्या गोळ्यांचा वास. पदराजवळ एके ठिकाणी त्याच रंगाच्या दोऱ्याने रफू केलेलं होतं. कॅमेरामनने सबंध शॉट त्या रफूवर सुरू केला. जॉबरच्या बायकोचं घर कसं चालतं ते सांगायला मग संवाद लागला नाही. हे कुठल्या भाड्याच्या गाठोड्यात मिळणार? शिवाय आजींनी स्वतः नेसवून दिलं. नऊवारी नेसवणारं माणूस लुगड्याइतकंच मोलाचं. वीस वर्षांच्या नटीला ते नेसून चालायची सवय व्हायला निदान दोन दिवस द्या.

भांड्यांचंही तसंच. १९५६मध्ये आपल्या मध्यमवर्गीय स्वयंपाकघरात स्टीलचं राज्य अजून यायचं होतं. तिथे पितळ, तांबं आणि कल्हई. घंगाळ, फिरकीचा तांब्या, पितळी डबे, अडकित्ता, पाट हे सगळं लोक हौसेने देतात. पैशाने हा मार्ग सगळ्यात स्वस्त. वेळेने सगळ्यात महाग. प्रत्येक घरी चहा, प्रत्येक भांड्याचा इतिहास, “आमच्या ह्यांच्या मामांनी उज्जैनहून आणलं होतं ते हे.” तीन वस्तूंना एक आख्खी दुपार जाते. घाईत असाल तर या वाटेला जाऊ नका, आणि घाई दिसली तर देणारही नाहीत.

विकत काय घ्यावं? धोतर, सदऱ्याचं कापड, गांधी टोपी. धोतर तेव्हाचं आणि आजचं यात कॅमेऱ्याला फरक दिसत नाही, मग भाडं कशाला भरायचं? सीतलामाता बाजाराच्या बाजूला कापडाची दुकानं फिरा, खादी भांडारात जा. फक्त कोरं पांढरं कापड तसंच घालू नका, दिव्याखाली ते भगभगतं. चहाची पत्ती उकळून, गाळून, त्या पाण्यात अर्धा तास बुडवा, पिळून सावलीत वाळवा आणि इस्त्री न करता रात्रभर उशाखाली ठेवा. काखेत आणि कॉलरला थोडा जास्त चहा. सदरा मात्र शिंप्याकडून शिवून घ्या, कारण सगळ्यात जास्त वेळ पडद्यावर तोच असतो.

एक सल्ला इंदूरात हमखास मिळतो: “माहेश्वरी घ्या ना, जुनी वाटते.” महेश्वरची वीण अहिल्याबाईंच्या काळापासूनची आहे, अभिमान आहेच. पण आज दुकानात मिळते ती बहुतेक सहावारी, उभा धागा रेशमी आणि आडवा सुती, तिला हलकी चमक असते. लग्नाच्या प्रसंगात शोभेल. जॉबरच्या बायकोला रोज भाकऱ्या थापताना ती नेसवलीत तर तिच्या नवऱ्याच्या पगाराचा हिशेब प्रेक्षकच मांडायला बसतील.

भंगारवाले आणि जुन्या सामानाची दुकानं रेडिओसाठी धुंडाळा. रेडिओ चालू असायची गरज नाही. खोकं हवं, काच हवी, बटणं हवीत. आत एक छोटा पिवळा दिवा आणि ब्लूटूथ स्पीकर बसवला की झालं. पण व्हॉल्व्हचा रेडिओ बटण फिरवताच बोलत नाही, आधी दिवा लागतो, आवाज तापून मागाहून येतो. नटाला तेवढं थांबायला सांगा. सायकल विकत घेऊ नका. दांड्यांच्या ब्रेकची काळी सायकल एखाद्या दूधवाल्याकडे सापडेल, दिवसभराचे पैसे द्या, रिफ्लेक्टर आणि स्टिकर काढा.

मुंबईहून मागवायचा विचार आमच्याही मनात आला होता. माल चांगला असतो, पण डिपॉझिट आणि जाण्यायेण्याचं भाडं मिळून विद्यार्थ्यांच्या फिल्मला झेपत नाही. ऑनलाइन ‘व्हिंटेज’ म्हणून जे येतं ते शोभेचं असतं, पितळेचा मुलामा दिलेलं. हौशी नाट्यसंस्थांकडे मात्र जरूर विचारा. त्यांच्याकडचे कोट आणि पगड्या ड्रेपरीवाल्यापेक्षा जपलेल्या असतात आणि ओळखीने मिळतात.

कागद घरीच करा, खर्च जवळजवळ शून्य. पण इथे चुका सगळ्यात जास्त होतात. आमच्या पहिल्या पत्राच्या पाकिटावर पिनकोड होता. तो १९७२मध्ये आला! १ नोव्हेंबर १९५६पर्यंत इंदूर मध्यभारत या राज्यात होतं, त्यामुळे सरकारी कागदावर मध्यप्रदेश लिहायचं की मध्यभारत हे तुमच्या गोष्टीतला महिना ठरवतो. भाजीवाली आण्यांतच बोलली पाहिजे, नवे पैसे १ एप्रिल १९५७ला आले. आणि गल्लीत शूट असेल तर स्वच्छ इंदूरचे निळे-हिरवे कचऱ्याचे डबे फ्रेमबाहेर सरकवा, सकाळच्या कचरागाडीचं गाणं संपेपर्यंत साउंडही थांबवा.

आमच्या आठ हजारांतले साधारण निम्मे गर्दीच्या भाड्यात गेले, दीडेक हजार कापड आणि शिंप्याला, उरलेले रेडिओ, सायकल, रिक्षा आणि परतीच्या पेढ्यांत. पुन्हा करायचं तर गर्दी अर्धी करीन आणि दुसरा सदरा शिवून घेईन. पावसाच्या सीननंतर ओला सदरा वाळेपर्यंत सगळं युनिट बसून होतं.

मागून आणलेल्या वस्तूंची एक वही ठेवा. वस्तू, कोणाची, आधीच पडलेले पोचे, सोबत मोबाईलमध्ये फोटो. आमच्याकडे वही होती, तरी घंगाळाचा घोटाळा झालाच. धुराने काळं पडलेलं ते सुंदर घंगाळ आमच्या मदतनीस मुलीने दोन शूटच्या मधल्या रात्री आदर म्हणून चिंच लावून लख्ख घासलं. दुसऱ्या दिवशी तोच सीन पुढे चालू, आणि घंगाळ सोन्यासारखं चमकतंय. अर्धा सीन पुन्हा काढावा लागला. परत द्यायला गेलो तेव्हा आजींनी घंगाळ फिरवून फिरवून पाहिलं आणि म्हणाल्या, “पुढची फिल्म कधी काढताय? समया पण काळ्या पडल्यात.”