पडदे, मखमल, सतरंजी आणि गोधडी : दिवाळी ते श्रावण, दहा महिन्यांच्या वापरानंतर

दिवाळीच्या तोंडावर आम्ही हॉलमधलं आणि बेडरूममधलं सगळं कापड बदललं. भिंतींना रंग नाही, नवं फर्निचर नाही, फक्त कापड. त्याला आता दहा महिने होत आले. थंडी झाली, मे महिन्याची काहिली झाली आणि ठाण्याचा पाऊसही जवळजवळ संपत आला, म्हणून आता लिहायला बसले. दिवाळीत लिहिलं असतं तर मखमलीला पहिला नंबर दिला असता, आणि ते चुकलं असतं.

आमचा हॉल पश्चिमेला तोंड करून आहे. दुपारी तीनपासून ऊन थेट सोफ्यावर येतं. सासूबाई 78 वर्षांच्या, गुडघे दुखतात, त्यामुळे दिवसभर घरातच. पण त्या हॉलमध्ये बसायच्याच नाहीत. "बाहेर भगभगतं गं, आणि बोललेलं घुमतं," म्हणायच्या. घर उबदार आणि जरा शाही वाटावं ही हौस मला होतीच, पण हात घातला तो त्यांच्या या वाक्यामुळे.

पूर्ण गुण देते ते पडद्यांना. कापड साधंच घेतलं, जाडसर सुती केसमेंट, कच्च्या हळदीच्या रंगाचं, मागे पांढरं अस्तर. फरक पडला तो मापामुळे. आधीचा रॉड खिडकीच्या चौकटीला लागून होता आणि पडदा ओढला की चादर वाळत घातल्यासारखा सपाट दिसायचा. शिलाईवाल्या काकांनी रॉड छताजवळ नेला आणि पाच फुटांच्या खिडकीला सहा फुटांचा लावला, दोन्हीकडे सहा-सहा इंच जास्त. त्यावर चार फूट पन्ह्याचे तीन पडदे, म्हणजे सहा फुटांच्या रॉडवर बारा फूट कापड. दुप्पट कापड असलं की पडदा बंद केल्यावरही चुण्या राहतात, आणि घराला भारदस्तपणा येतो तो त्या चुण्यांमुळेच. महागडं कापड घेऊन दीडपट शिवण्यापेक्षा स्वस्त कापड दुप्पट शिवा, हे मी आता कोणालाही ठामपणे सांगेन. रॉड आणि शिलाई धरून हॉलचा खर्च सव्वापाच हजार झाला.

आणि एक गोष्ट कृपा करून टाळू नका. कापड आणि अस्तर, दोन्ही शिवायच्या आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्या. हॉलचं पावणेनऊ मीटर कापड मी तसं केलं. बेडरूमच्या पडद्यांच्या वेळी पाहुणे यायचे होते, घाई झाली, तसंच शिवायला दिलं. पहिल्या धुण्यात 96 इंचांचे पडदे साडेब्याण्णव इंचांवर आले. अस्तर वेगळं आखडलं, पडदा वेगळा, त्यामुळे खालची कड ओढल्यासारखी दिसते. सुती कापड थोडं आखडतंच, त्यात दुकानदाराचा दोष नाही.

पडदे लागल्यावर पहिल्याच संध्याकाळी जाणवला तो आवाज. पूर्वी कुकरची शिट्टी हॉलभर घणघणायची, टीव्ही 22 वर ठेवावा लागायचा. पडदे आणि खाली सतरंजी आल्यावर टीव्ही 15 वर पुरतो. कापड आवाज पिऊन टाकतं. घरात शिरल्यावर जे निवांत वाटतं त्यात या शांततेचा मोठा वाटा आहे, आणि फोटोत ते कधीच दिसत नाही.

आता मखमल. बाटलीच्या हिरव्या रंगाचे सहा कुशन कव्हर घेतले होते. डिसेंबरात पिवळ्या दिव्याखाली ते इतके देखणे दिसायचे की सोफा नवाच वाटायचा. हात एका दिशेने फिरवला की गडद, उलटा फिरवला की फिका, अशी लवेची गंमत. पण ही मखमल पॉलिएस्टरची. एप्रिलमध्ये मानेला चिकटायला लागली, धूळ आणि केस लवेत अडकून बसायचे, आणि जुलैत दमट वास धरला. टाकून द्यावी असं मात्र नाही. होळीला धुऊन, वाळवून पेटीत ठेवायची आणि दसऱ्याला काढायची, असं आता ठरवलंय. बाकीच्या महिन्यांत सुती कव्हर. आत भरण सावरीच्या कापसाचं आहे, तो दबतो खरा, पण उन्हात ठेवून थापटला की पुन्हा फुगतो. कव्हर 16 इंचांचं असेल तर उशी 18 इंचांची घ्या, कोपरे भरलेले राहतात.

तागाचा गालिचा मात्र आमच्याकडे नापास. हिवाळाभर छान होता, पावसात ओल धरली, वास यायला लागला आणि त्याचे तंतू पायाला टोचायचे. कोरड्या हवेच्या गावात तो चालेल, खाडीजवळ नको. त्याच्या जागी सुती सतरंजी आली. घरच्या मशीनमध्ये धुता येते, यातच सगळं आलं.

चादरींच्या बाबतीत मी फसले. "हजार थ्रेड काउंट" असं लिहिलेली साटीन चादर भरपूर पैसे मोजून घेतली. तीन महिन्यांत पायाकडच्या बाजूला गोळे आले आणि मे महिन्यात ती अंगाखाली तापायची. नंतर समजलं, की पिळाच्या धाग्यातला प्रत्येक पदर वेगळा मोजून हा आकडा फुगवता येतो. आता तीनशेच्या आसपासची साध्या विणीची, एक धागा वर एक खाली अशी सुती चादर वापरतो. ती दर धुण्यागणिक मऊ होत चाललीय. तिच्यावर पलंगपोस म्हणून सोलापुरी चादर, माहेरून आलेली. एका बाजूला नक्षीत जो रंग, तोच उलट्या बाजूला जमिनीला, त्यामुळे महिन्याने उलटी घातली की खोली बदलल्यासारखी वाटते. पहिली दोन धुणी वेगळी करा, लाल रंग थोडा जातो.

आणि गोधडी. सासूबाईंच्या ट्रंकेत त्यांच्या आईची तीन नऊवारी लुगडी होती, काठ विरलेले, पण अंग धड. शेजारच्या सोसायटीत कामाला येणाऱ्या एका मावशींनी त्यांची गोधडी शिवून दिली. कडेपासून आत आत येणारा धावदोरा, बोटभर अंतरावर. बोटं फिरवली की टाक्यांच्या मधला कापडाचा फुगार हाताला लागतो. इतकं मऊ कापड दुकानात मिळत नाही, कारण ते वर्षानुवर्षं नेसून, धुऊन मऊ झालेलं असतं. तिची एकच अडचण, पावसात धुतली तर चार दिवस वाळत नाही. तेव्हा मृग लागायच्या आधी धुऊन घ्यायची आणि मग उघडीप मिळेल तेव्हा फक्त उन्हं दाखवायची.

सासूबाई आता दुपारी हॉलमध्ये खिडकीशेजारी बसतात, गोधडी गुडघ्यांवर. काल त्यांनीच ट्रंकेतून इरकली साडीचा सुटा काठ काढून माझ्या हातात दिला. बेडरूमच्या आखडलेल्या पडद्यांना खाली तो लावायचा आहे. गणपतीच्या आधी शिवून होईल. या वेळी काठ आधी भिजवून घेतलाय, आज तो दोरीवर वाळतोय.